बोनमॅरो ट्रान्सप्लांटचे डॉन थॉमस आणि मधली थांबलेली वर्षं

गवतीचहा | रविवार, रात्री ९.४२

परवा रक्तदानाच्या धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं की बोनमॅरो (हाडाच्या आतला रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांट एका अमेरिकन डॉक्टरला सुचलं, त्याने केलं, नोबेल मिळालं, झालं. तिथे अवांतर नको म्हणून इथे वेगळा धागा काढतेय. मला हा माणूस आवडतो त्याचं मुख्य कारण म्हणजे मधे बरीच वर्षं त्याने हे ट्रान्सप्लांट माणसांवर करणं जवळजवळ थांबवलं होतं.

नाव ई. डॉनल थॉमस, सगळे डॉन म्हणायचे. जन्म १५ मार्च १९२०, टेक्सासमधलं मार्ट नावाचं छोटंसं गाव. वडील तिथलेच डॉक्टर, सुरुवातीच्या काळात घोडागाडीतून व्हिजिटला जाणारे. डॉन ऑस्टिनला केमिस्ट्री शिकायला गेला, तिथे एकदा बर्फ पडला (टेक्सासात! म्हणजे किती अप्रूप असेल बघा) आणि एका मुलीने त्याला बर्फाचा गोळा फेकून मारला. ती डॉटी. १९४२ ला लग्न, १९४६ ला हा हार्वर्डमधून डॉक्टर होऊन बाहेर. डॉटी पत्रकारिता शिकत होती ते सोडून मेडिकल टेक्नॉलॉजी शिकली आणि पुढे आयुष्यभर त्याच्याबरोबर लॅबमध्ये. तिच्याबद्दल खाली कुणीतरी विचारेलच, तेव्हा बोलू.

आता कल्पना कुठून आली. अणुबॉम्बनंतर रेडिएशनने माणूस नेमका कशाने मरतो यावर जोरात काम सुरू झालं होतं. शिकागोत जेकबसन यांच्या लॅबमध्ये उंदराची प्लीहा शिशाने झाकून त्याला मरेल एवढं रेडिएशन दिलं तर उंदीर जगला. मग १९५१ च्या सुमारास लॉरेन्झ वगैरेंनी दाखवलं की रेडिएशननंतर दुसऱ्या उंदराचा मॅरो टोचला तरी जगतो. आधी वाटलं मॅरोत काहीतरी हार्मोनसारखा पदार्थ असेल, पण पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत सिद्ध झालं की देणाऱ्याच्या पेशीच तिथे जाऊन घर करतात. थॉमसच्या डोक्यात गणित सरळ होतं, ल्युकेमियावाल्या (म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या) माणसाचा सगळा मॅरो रेडिएशनने संपवायचा, कॅन्सरही त्यात संपेल, आणि मग दुसऱ्याचा चांगला मॅरो शिरेतून द्यायचा. हो, शिरेतून. ऑपरेशन असं काही नसतंच घेणाऱ्याला, रक्ताच्या बाटलीसारखं चढवतात, पेशी आपल्या आपण हाडात जाऊन बसतात.

१९५५ ला तो कूपरस्टाउन नावाच्या गावात मेरी इमोजीन बॅसेट हॉस्पिटलला गेला, न्यूयॉर्क राज्यातलं आडगाव, बेसबॉलच्या म्युझियमसाठी प्रसिद्ध. तिथे जोसेफ फेरेबी हा जोडीदार. १९५७ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पेपर आला, सहा पेशंट, रेडिएशन किंवा केमो आणि वर दुसऱ्याचा मॅरो. दोघांमध्ये तो थोडे दिवस धरला. शंभर दिवसांपुढे कुणीच जगलं नाही. १९५९ ला ल्युकेमियाच्या दोन पेशंटना जुळ्या भावंडांचा मॅरो दिला, एकसारखे जुळे असल्यामुळे तो मस्त धरला, पेशंट सुधारले, पण काही महिन्यांत ल्युकेमिया परत आला. म्हणजे दोन गोष्टी कळल्या. एक, मॅरो माणसात धरू शकतो. दोन, नुसत्या रेडिएशनने कॅन्सर मुळापासून जात नाही.

आणि जुळं भाऊ-बहीण नसेल तर? तिथे भिंत होती. किडनीच्या बाबतीत पेशंटचं शरीर परक्या अवयवावर हल्ला करतं, इथे उलटंही होतं. मॅरोबरोबर देणाऱ्याची अख्खी रोगप्रतिकारशक्ती आत येते आणि ती पेशंटच्याच त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर तुटून पडते. पाहुण्यानेच यजमानाला घराबाहेर काढायचं, अशातला प्रकार. याला जीव्हीएचडी म्हणतात. पन्नास-साठच्या दशकात जगभरात दोनशेच्या आसपास असे ट्रान्सप्लांट झाले आणि निकाल इतके भयानक होते की बहुतेकांनी नाद सोडला, रक्तातले मोठे मोठे तज्ज्ञ म्हणायला लागले की हे माणसात कधीच जमणार नाही.

थॉमसने नाद सोडला नाही आणि रेटलंही नाही. माणसांवरचे परक्या मॅरोचे ट्रान्सप्लांट बाजूला ठेवून तो कुत्र्यांकडे वळला. आधी कूपरस्टाउनमध्ये, १९६३ पासून सिअ‍ॅटलमध्ये. कुत्र्यांत दिसलं की एकाच वेतातली पिल्लं एकमेकांना मॅरो देऊ शकतात, पण सगळी नाही, काही जोड्या जमतात आणि काही मरतात. मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर जीव्हीएचडी आटोक्यात येतो. का जमतात याचं उत्तर टिश्यू टायपिंगमध्ये, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा जुळवून बघण्यात होतं. माणसातल्या या खुणा म्हणजे एचएलए, त्या पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी १९५८ ला शोधायला सुरुवात केली होती, सिअ‍ॅटलवाल्यांनी कुत्र्यातलं तसलंच टायपिंग १९६८ पर्यंत बसवलं. जुळणारी पिल्लं आधीच निवडता यायला लागली आणि कुत्री वर्षानुवर्षं जगायला लागली.

मगच १९६९ ला माणूस. एचएलए जुळणारं सख्खं भावंड, ल्युकेमिया. आणि तेव्हाही सुरुवातीचे पेशंट वारले, इन्फेक्शनने, न्यूमोनियाने. १९७७ ला त्यांनी शंभर पेशंटचा हिशोब छापला, सगळे असे ज्यांच्यावरचे बाकी सगळे उपाय हरले होते. शंभरातले तेरा जण रोगमुक्त जिवंत, एक ते साडेचार वर्षं. आज वाचताना तेरा म्हणजे काहीच नाही वाटतं, पण ते तेराच्या तेरा जण एरवी काही महिन्यांत गेले असते. त्यातून पुढचा विचार निघाला, शेवटच्या टप्प्यात कशाला, केमोने रोग पहिल्यांदा दबतो तेव्हाच का नाही करायचं? १९७९ च्या पेपरमध्ये तसं केलेल्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त जिवंत होते.

१९९० ला नोबेल, किडनीवाल्या जोसेफ मरेंबरोबर अर्धं अर्धं. हे दोघं तरुणपणी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात बरोबर होते हा मला फार आवडणारा योगायोग. थॉमस २०१२ ला गेले, ९२ व्या वर्षी. लांबलं बरंच, पण एवढं सांगितल्याशिवाय थांबण्याबद्दल बोलता येत नव्हतं.

ठाणेकर७७ | रविवार, रात्री १०.१५

भारी लिहिलंयस. एक शंका, उंदरात जमलं होतं ना मग कुत्रीच कशाला? आणि किती कुत्री मारली असतील राव, ते वाचून जरा कसंतरीच झालं.

गवतीचहा | रविवार, रात्री १०.३१

कसंतरी होण्यासारखंच आहे, त्यावर पांघरूण नाही घालणार. पण लॅबमधले उंदीर पिढ्यानपिढ्या आपसात वाढवलेले, एका जातीतले सगळे जवळजवळ एकसारखे. त्यांच्यात जमलेलं माणसात फसत होतं ते त्यामुळेच. कुत्री आपल्यासारखी सरमिसळ असतात आणि शिवाय एका वेतात पाच-सहा भावंडं मिळतात, म्हणजे जुळणारं आणि न जुळणारं भावंड शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. साठच्या दशकात दुसरा पर्याय म्हणजे तेच थेट माणसांवर करत राहणं, आणि जगभर तेच चाललं होतं.

एचएलएवालीताई | रविवार, रात्री ११.०५

माझं रोजचं कामच हे आहे म्हणून थोडी भर घालते.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज, रक्तगट जुळायला लागतो. नाही लागत! पेशंट बी पॉझिटिव्ह आणि भाऊ ओ पॉझिटिव्ह असला तरी ट्रान्सप्लांट होतं, थोडी जास्त काळजी घ्यावी लागते एवढंच, आणि काही महिन्यांनी पेशंटचा रक्तगटच बदलून भावाचा होतो. हे नातेवाइकांना सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही. जुळायला लागतं ते एचएलए. ते आईकडून अर्धं वडिलांकडून अर्धं येतं, त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आणि प्रत्येक भावंडाला स्वतंत्र चारात एक बरं का, तीन भावंडं नाही जुळली म्हणून चौथं जुळणारच असं नसतं, हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी समजावते. आणि आता घराघरात एक नाहीतर दोन मुलं, त्यामुळे गणित आणखी अवघड.

म्हणून आता आपल्याकडे हाप्लो म्हणजे अर्धं जुळणारं ट्रान्सप्लांट बरंच वाढलंय, आईचा किंवा वडिलांचा घेतात. हे शक्य झालं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सवाल्यांमुळे, ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं, पेशंटवर हल्ला करायला उतावीळ झालेल्या टी पेशी तेव्हा वेगाने वाढत असतात त्या नेमक्या मरतात आणि स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, वाचतात. औषध जुनंच, स्वस्त, फक्त द्यायची वेळ बदलली.

अजून एक, स्टेम सेल असते हे खऱ्या अर्थाने दाखवलं टोरांटोच्या टिल आणि मॅककुलॉक यांनी, १९६१ ला. त्यातला टिल मूळचा फिजिक्सवाला.

उगाचएकजण | सोमवार, सकाळी ८.२०

आरती संपली असेल तर एक विचारतो. सिअ‍ॅटल टाइम्सने २००१ ला थॉमस जिथे काम करायचे त्या फ्रेड हचिन्सन सेंटरवर लेखमाला केली होती ती वाचली आहे का? प्रोटोकॉल १२६. जीव्हीएचडी टाळायला मॅरोतल्या टी पेशी आधीच काढून टाकायचा प्रयोग. पेशंटांचे मॅरो धरले नाहीत, ल्युकेमिया परत आले, लोक गेले, आणि तरी प्रयोग बरीच वर्षं सुरू होता असा आरोप. वर त्या टी पेशी काढायच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या जेनेटिक सिस्टिम्स कंपनीत काही डॉक्टरांचे शेअर, त्यात तुमचे थॉमससुद्धा. थांबण्याबद्दल धागा आहे म्हणून विचारलं.

गवतीचहा | सोमवार, दुपारी १.१०

वाचली आहे, आणि बरं झालं काढलीस. सेंटरने आरोप फेटाळले, कुटुंबं कोर्टात गेली आणि २००४ ला ज्युरीने बहुतेक मुद्द्यांवर सेंटरच्या बाजूने कौल दिला. पण कोर्टात सुटणं आणि बरोबर असणं यात अंतर असतंच. पेशंटला किती सांगितलं, कंपनीतले शेअर त्याला कळायला हवे होते का, हे प्रश्न त्या लेखमालेनंतर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी विचारले गेले. ऐंशीच्या दशकातला थॉमस साठच्या दशकातल्या थॉमसइतका सावध होता का, तर माझ्या मते नव्हता. तेव्हा नुसता एक डॉक्टर आणि त्याची कुत्री होती, आता मोठी संस्था होती, नाव होतं, स्पर्धा होती.

शास्त्राच्या बाजूने मात्र एक सांगते. टी पेशी काढणं ही त्या वेळी वेडगळ कल्पना नव्हती, जगात अनेक ठिकाणी चालली होती. पण गंमत म्हणजे त्याच सिअ‍ॅटलच्या टीमने १९७९ ला दाखवलं होतं की ज्यांना जीव्हीएचडी होतो त्यांचा ल्युकेमिया कमी वेळा परत येतो. म्हणजे ज्या पेशी त्रास देतात त्याच उरलासुरला कॅन्सरही शोधून मारतात. जुळ्यांमध्ये १९५९ ला रोग परत का आला याचं एक मोठं कारण हेच, जुळ्याच्या पेशींना काही परकं वाटतच नाही. पॅरिसच्या जॉर्ज माथे यांना हे फार आधी दिसलं होतं.

उगाचएकजण | सोमवार, दुपारी १.४५

उत्तर मान्य. माथेंचं नाव घेतलंस म्हणून, त्यांना का नाही नोबेल? १९५८ ला युगोस्लाव्हियात विंचाच्या अणुभट्टीत अपघात झाला, रेडिएशन लागलेल्या पाच जणांना पॅरिसमध्ये अनोळखी फ्रेंच लोकांचा मॅरो माथेंनीच दिला आणि चार वाचले. थॉमसच्या १९६९ च्या कितीतरी आधी.

गवतीचहा | सोमवार, दुपारी २.३०

ते चार मॅरोमुळे वाचले की त्यांचा स्वतःचाच मॅरो सावरला यावर वाद आहे, देणाऱ्याचा मॅरो थोडा वेळच टिकला. पण १९६३ चं माथेंचं काम निर्विवाद मोठं, एका ल्युकेमियाच्या पेशंटला त्याच्या सहा नातेवाइकांचा मॅरो दिला आणि तो वीस महिने जगला, त्या काळी दुसऱ्याच्या मॅरोवर एवढं कुणी जगलं नव्हतं. मिनेसोटाच्या रॉबर्ट गुड यांनी १९६८ ला जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाला बहिणीचा मॅरो देऊन वाचवलं, त्यांनाही नाही मिळालं. थॉमसबरोबर १९६५ पासून असलेले राइनर श्टोर्ब, ज्यांनी कुत्र्यांवरचं अर्धं काम केलं, त्यांनाही नाही. पहिला कोण यावर द्यायचं असतं तर थॉमस बसलेच नसते. त्यांना मिळालं ते हे रोजच्या वापरातलं, इतर हॉस्पिटलांत नेता येईल असं उपचार बनवल्याबद्दल, असं मी समजते.

नंदाकाकू | सोमवार, संध्या. ६.५०

मी चाळीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली आहेत, आता रिटायर. तुम्ही सगळे पेपर, नोबेल बोलताय ते ठीकच आहे, पण त्या शंभरातले तेरा कसे जगले ते नर्सना विचारा. मॅरो दिल्यावर तो धरेपर्यंत दोन-तीन आठवडे पेशंटच्या अंगात पांढऱ्या पेशी नसल्यात जमा असतात. तोंडात फोड, गिळता येत नाही, जुलाब, ताप. हात धुतले का, कोण खोकतंय, फुलं आत आणली कुणी, प्लेटलेट संपल्या का, हे सगळं कोण बघतं? डॉक्टर राउंड घेऊन जातात हो.

आणि ती छातीतली नळी असते ना हिकमन लाइन, रोज रोज शिरा टोचाव्या लागू नयेत म्हणून, ती सिअ‍ॅटललाच निघाली, हिकमन म्हणून किडनीचे डॉक्टर होते तिथे त्यांनी केली. आमच्या वॉर्डात पोरांची आई त्या नळीला जपते तशी सोन्याच्या गंठणालाही जपणार नाही.

बाकी डॉटीबाईंचं काय ते सांग गं.

गवतीचहा | सोमवार, रात्री ८.०५

काकू, तुमच्या प्रतिसादाची वाटच बघत होते. थॉमसनी स्वतः नर्सना फार मानलं, सिअ‍ॅटलमध्ये या कामासाठी नर्सची वेगळी टीम तयार करणं हा त्यांच्या योजनेचा भागच होता.

डॉटी सुरुवातीला लॅबमध्ये तंत्रज्ञ, रक्ताचे नमुने, कुत्र्यांची काळजी, मग प्रत्येक पेपर तिच्या हाताखालून जायचा, संदर्भ तपासणं, भाषा घासणं (पत्रकारिता वाया नाही गेली), नंतर अख्ख्या विभागाचा कारभार, ग्रँटचे कागद. तिला बोनमॅरो ट्रान्सप्लांटची आई म्हणायचे तिथे. थॉमसच्या शेकडो पेपरांवर तिचं नाव मात्र सहलेखक म्हणून अभावानेच. २०१५ ला गेली, तीही ९२ ची होऊन. नोबेलमध्ये तिचा वाटा असायला हवा होता का? वाटा नको, पण पेपरांवर नाव तरी हवं होतं असं माझं मत.

कल्याणस्लो | सोमवार, रात्री १०.४०

आपल्या मुंबईचं कुणी काही बोलेना म्हणून मीच लिहितो. डॉ. सुरेश अडवाणी. कराचीत १९४७ ला जन्म, फाळणीत कुटुंब इकडे आलं, घाटकोपरच्या निर्वासित छावणीत वाढले, लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून व्हीलचेअर. अपंग म्हणून मेडिकलला आधी प्रवेश नाकारला, मग झगडून ग्रँट मेडिकलला गेले. हे गृहस्थ सिअ‍ॅटलला जाऊन थॉमस यांच्याच सेंटरमध्ये शिकून आले आणि २० मार्च १९८३ ला टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं. नऊ वर्षांची मुलगी, ल्युकेमिया, मॅरो तिच्या भावाचा. परळला! नोबेलच्या सात वर्षं आधी! तेव्हा आपल्याकडे चांगली औषधं मिळवायची म्हणजे लायसन्सपासून सुरुवात, हवा गाळणाऱ्या खोल्या, प्लेटलेट वेगळ्या काढायची मशिनं, हे सगळं कसं जमवलं असेल कल्पना करा. पद्मश्री २००२, पद्मभूषण २०१२. वेल्लोरच्या सीएमसीत डॉ. मॅमेन चांडी यांनी १९८६ ला थॅलेसेमियासाठी सुरू केलं ते त्यानंतर.

ठाणेकर७७ | सोमवार, रात्री १०.५२

अरे हे माहीतच नव्हतं, रोज परळवरून जातो मी.

साधापालक | मंगळवार, सकाळी ११.३०

पहिल्यांदाच लिहितोय इथे, वाचनमात्र असतो. माझ्या भाच्याला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त. बहिणीचं आणि दाजींचं लग्नाआधी कुणी तपासलंच नाही, दोघंही मायनर निघाले, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण दोष मुलात जाऊ शकतो असे. आता एका हॉस्पिटलने ट्रान्सप्लांट सुचवलंय, त्याची मोठी बहीण जुळते आहे म्हणतात. घरात दोन तट पडलेत, आजी म्हणते गोळ्यांवर चांगलं चाललंय ना मग कशाला जिवाशी खेळ, मोठा झाला की बघू. थांबण्याबद्दल धागा आहे म्हणून विचारतो, इथे थांबावं का?

एचएलएवालीताई | मंगळवार, दुपारी १२.१५

दादा, निर्णय त्याच्या हेमॅटॉलॉजिस्टबरोबरच करा, इथल्या मतावर नको. पण आजींच्या मुद्द्यावर जे सर्वमान्य आहे ते सांगते. मोठा झाला की बघू हे थॅलेसेमियात बहुतेक वेळा उलटं पडतं. डिसेंबर १९८१ ला सिअ‍ॅटलला थॉमसच्या टीमने आणि त्याच महिन्यात इटलीत पेझारोला गुइदो लुकारेल्ली यांनी थॅलेसेमियाच्या मुलांवर ट्रान्सप्लांट केले. लुकारेल्लींनी पुढे शेकडो मुलांचा अभ्यास करून तीन गोष्टी बघायला शिकवलं, यकृत वाढलंय का, यकृतात फायब्रोसिस (व्रण धरून घट्ट होणं) आहे का, आणि लोह काढायची औषधं नीट, नियमित घेतली आहेत का. तिन्ही ठीक असतील तो पहिला वर्ग, त्यांचे निकाल सगळ्यात चांगले, नव्वद टक्क्यांच्या वर जगण्याची शक्यता. तिन्ही बिघडलेली असतील त्या तिसऱ्या वर्गात ती बरीच खाली येते. म्हणजे प्रत्येक बाटलीबरोबर लोह साठत जातं आणि ट्रान्सप्लांट अवघड होत जातं. तोपर्यंत फेरिटिनची (साठलेलं लोह दाखवणारी) तपासणी आणि गोळ्या अजिबात चुकवू नका.

आणि पैशांचं बघत असाल तर कोल इंडियाच्या मदतीने चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, २०१७ पासून, दहा लाखांपर्यंत मदत मिळते, ठरावीक हॉस्पिटलांतच. अटी काय आहेत ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, तिथल्या बायका खरंच मदत करतात.

मोठ्या बहिणीला काही होणार नाही ना हेही घरात कुणीतरी विचारेल, त्याचंही लिहिते नंतर.

साधापालक | मंगळवार, दुपारी १२.४०

खूप आभार ताई. आजीला वाचून दाखवतो. अजून एक, भाचा झाला तेव्हा कॉर्ड ब्लड (नाळेतलं रक्त) बँकेत पैसे भरले होते, वर्षानुवर्षं हप्ते चालू आहेत. ते नाही का चालणार?

एचएलएवालीताई | मंगळवार, दुपारी १.०५

त्याचं स्वतःचं असेल तर नाही, कारण त्यातही तोच दोष असणार ना. जन्मापासून जीनमध्ये असलेला आजार स्वतःच्याच पेशींनी कसा जाईल? कॉर्ड ब्लडचं पहिलं यश एलियान ग्लुकमन यांचं, पॅरिस १९८८, फँकोनी नावाच्या जन्मजात अ‍ॅनिमियाचा मुलगा, पण ते रक्त त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या निरोगी बहिणीचं होतं. आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) स्पष्ट सांगितलंय की स्वतःसाठी म्हणून खासगी बँकेत साठवायला शास्त्रीय आधार नाही. प्रसूतीच्या आधी घाबरलेल्या आईबापांना गाठून हे विकतात त्याचा मला भयंकर राग आहे, जाऊ दे.

वऱ्हाडीबुवा | मंगळवार, रात्री ९.२५

गवतीचहा ताई मस्त धागा. पण सिकलसेलचं (रक्ताच्या गोल पेशी विळ्यावानी वाकड्या होतात तो आजार) कोणी बोललं नाही काऊन? आमच्या गडचिरोली, चंद्रपूर, तिकडं नंदुरबारला घरटी पेशंट भेटतात, पोरगं दुखतंय दुखतंय म्हणून रडते अन् मास्तर म्हणते शाळा चुकवाचे धंदे हायत. २०२३ मधे केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन आलं, तपासणी चालू झाली, कार्ड वाटले, चांगलंच आहे. पण ट्रान्सप्लांट पाह्यजे तर नागपूर-मुंबईच, अन् त्याचा खर्च कोण देईल?

गवतीचहा | मंगळवार, रात्री १०.१०

बुवा, बरोबर पकडलंत. सिकलसेलमध्ये ट्रान्सप्लांटने बरं होतं हे कळलंही जरा अपघाताने, अमेरिकेत सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये एका आठ वर्षांच्या मुलीला सिकलसेलही होता आणि ल्युकेमियाही झाला, ल्युकेमियासाठी भावाचा मॅरो दिला तर सिकलसेलही गेला, १९८४ ला छापून आलं. आता २०२३ च्या शेवटी जीन बदलून स्वतःच्याच पेशी परत द्यायचा उपचार ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला, अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर. त्यातही आधी जोरदार केमो देऊन मॅरो रिकामा करावाच लागतो, म्हणजे थॉमसचीच पायवाट. गडचिरोलीच्या पोराला आज त्याचा काय उपयोग, तर काही नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचा त्रास कमी करणारं औषध वेळेवर मिळणं, पेनिसिलिन, लस, आणि मास्तरांना आजार समजावणं याने आत्ता जास्त जीव वाचतील.

उगाचएकजण | मंगळवार, रात्री १०.३०

पहिल्यांदाच या धाग्यावर शंभर टक्के सहमत.

एचएलएवालीताई | बुधवार, सकाळी ७.१५

काल देणाऱ्याचं लिहायचं राहिलं. साधापालक दादा, दोन पद्धती आहेत. एक जुनी, भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मॅरो काढतात, लहान मुलांसाठी आणि थॅलेसेमियात बहुतेक हीच, कारण जीव्हीएचडीचा धोका कमी. देणारी लहान असेल तर तिच्या वजनाप्रमाणेच काढतात, आठवडाभर कंबर दुखते, मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. दुसरी, चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन स्टेम सेल रक्तात उतरवायच्या आणि प्लेटलेट देतो तसं मशिनवर हातातून घ्यायच्या, त्यात इंजेक्शनच्या दिवसांत हाडं ठणकतात, पॅरासिटामॉलने भागतं. पाठीच्या कण्यातून काढतात आणि लुळं होतं हे साफ खोटं आहे, कण्याला हातही लावत नाहीत.

आणि ती मोठी बहीण किती वर्षांची आहे? कळत्या वयाची असेल तर तिच्याशी वेगळं, एकटीशी बोला. सगळं घर भावाकडे बघत असतं, तिला भीती वाटतेय का हे कुणी विचारतच नाही.

साधापालक | बुधवार, सकाळी ९.००

चौदा. नाही विचारलं अजून कुणी. संध्याकाळी जातोय तिकडे.

नंदाकाकू | बुधवार, सकाळी ९.२०

जाताना आजीचाही फोन नंबर घे आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, तिच्याशी मी बोलते.